अनोळखी ट्रॅक कसा वाचावा: रोड अमेरिका, छोटी गाडी, पहिला दिवस

साडेसहा किलोमीटरचा ट्रॅक म्हणजे 20 मिनिटांच्या सरावात जेमतेम सात फेऱ्या. कोइमतूरच्या 2.1 किलोमीटरच्या करी ट्रॅकवर तेवढ्याच वेळात एकेक वळण पंधरा-सोळा वेळा हाताखालून जाते आणि चूक पुढच्याच मिनिटाला सुधारता येते. रोड अमेरिकावर कॅनडा कॉर्नर या बाराव्या वळणाला ब्रेक उशिरा लागला, तर ती चूक सुधारायची संधी पावणेतीन मिनिटांनी येते. तोवर आपण नेमके काय केले होते तेच डोक्यातून निघून गेलेले असते. म्हणून चालवता चालवता ट्रॅक शिकू, हा हिशेब इथे बसत नाही. निम्मा ट्रॅक घरून शिकून यावा लागतो.

हा ट्रॅक अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या एल्कहार्ट लेक गावाजवळ आहे. 1950 ते 1952 तिथे सार्वजनिक रस्त्यांवर शर्यती होत. 1955 मध्ये टेकड्यांच्या उतारांवर कायमचा ट्रॅक झाला. लांबी 4.048 मैल, वळणे 14. हौशी शर्यतींत सगळ्यात जास्त दिसणारी गाडी म्हणजे माझदा मियाटा, चालकासह सुमारे 1,100 किलो. पुढचे सगळे तिला धरून लिहिले आहे. तुमची गाडी जास्त ताकदीची असेल तर वळणांचे महत्त्व तेच राहते, ब्रेकवरचा ताण तेवढा वाढतो.

घरी बसून

ट्रॅकचा नकाशा कागदावर स्वतःच्या हाताने काढा आणि वळणांना आकडे घाला. शिवाय नावेही पाठ करा, कारण सकाळच्या बैठकीत आणि पिटमध्ये (ट्रॅकलगत गाड्या थांबवायच्या जागी) लोक नावांनीच बोलतात: तिसऱ्यानंतरची मोरेन स्वीप, सातव्यानंतरचा हरी डाउन्स, नऊ-दहाचे कॅरोझेल, अकरावे किंक, त्यापुढची केटल बॉटम्स, बारावे कॅनडा कॉर्नर. मग गाडीतून घेतलेले व्हिडिओ बघा, पण 2023 किंवा त्यानंतरचेच. 2022 च्या शेवटी पूर्ण ट्रॅकवर नवे डांबर घातले गेले. त्याआधीच्या व्हिडिओत चालक कुठे ब्रेक लावतो आणि कुठली ठिगळे चुकवतो याचा आज उपयोग नाही.

आयरेसिंगसारख्या सिम्युलेटरवर दहा-वीस फेऱ्या माराव्यात. पुढे कुठले वळण येणार आणि चढ कुठे, उतार कुठे, एवढे त्यातून पक्के होते. मात्र सिममधला ब्रेकचा बिंदू सोबत आणू नका. सिममध्ये चुकले तर बटण दाबून पुन्हा सुरुवात करता येते, त्यामुळे तिथे बसलेली सवय नेहमीच पंधरा-वीस मीटर धीट असते.

तयारी झाली का, हे तपासायची सोपी रीत: डोळे मिटा, हातात घड्याळ घ्या आणि मनातल्या मनात पूर्ण फेरी मारा. तुमची फेरी पावणेतीन मिनिटांच्या आसपास संपली तर ट्रॅक डोक्यात बसला. दीड मिनिटातच संपली, तर मधली काही वळणे तुम्ही गाळली आहेत.

गाडी

हा ट्रॅक ब्रेक खातो. मोरेन स्वीप उतरून पाचव्या वळणाला येताना ताशी 180 किलोमीटरच्या वेगावरून 90 वर यायचे, तर त्या एका ब्रेकमध्ये सुमारे 10 लाख ज्यूल उष्णता तयार होते. तीन लिटर पाणी उकळीपर्यंत न्यायला एवढीच लागते. पहिल्या, आठव्या आणि बाराव्या वळणाला पुन्हा असेच काम. म्हणून येण्याच्या आठवड्यातच ब्रेकचे तेल पूर्ण बदला. डॉट 4 मानकात ताज्या तेलाचा उत्कलनांक किमान 230 अंश सेल्सियस असतो, पण ओलावा शोषल्यावर तो 155 पर्यंत घसरला तरी चालतो असे तेच मानक म्हणते. शर्यतीसाठीचे तेल ताजे असताना 300 च्या वर टिकते. पॅड निम्म्याहून जास्त झिजले असतील तर नवे घाला आणि जुने पेटीत ठेवा.

ब्रेक कमी पडले तर पेडल काय सांगते ते ओळखायला शिका. पेडल मऊ पडून खाली गेले तर तेल उकळले आहे. पेडल दगडासारखे घट्ट, पण गाडी थांबत नाही, असे झाले तर पॅड तापून निसटत आहेत. पहिल्यावर उपाय म्हणजे तेल बदलून हवा काढणे, दुसऱ्यावर जास्त तापमानाचे पॅड. दोन्हीत गल्लत करून लोक उगाच खर्च करतात.

टायरचा थंड दाब कितीही असो, बघायचा तो गरम दाब. टायरमधल्या हवेचे तापमान 6 अंश सेल्सियसने वाढले की दाब साधारण 1 पीएसआय चढतो. टायर बनवणाऱ्याने दिलेला गरम आकडा घ्या, थंड दाब त्याहून 7-8 पीएसआयने कमी ठेवून बाहेर पडा, आणि पिटमध्ये शिरताच, बूट काढण्याआधी, चारही चाके मोजून वहीत लिहा. जादा हवा तेव्हाच सोडा. चाकाचे नट दर सत्राआधी टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) बघा. मियाटाला 110 न्यूटन-मीटरच्या आसपास पुरते.

पेट्रोल दर सत्राआधी भरा. टाकी निम्म्याखाली गेली की कॅरोझेलसारख्या लांबलचक वळणात पेट्रोल एका बाजूला जाते, पंप हवा ओढतो आणि इंजिन वळणातच अडखळते. नवखा माणूस ते इंजिनाचे दुखणे समजून बॉनेट उघडून बसतो.

झेंडे

भारतात शर्यती केलेल्यांनी इथे कान टवकारावेत. मोटारशर्यतींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या (एफआयए) नियमांत लाल झेंडा दिसला की वेग कमी करून पिटकडे जायचे असते. अमेरिकेतल्या बऱ्याच क्लबांत लाल म्हणजे ट्रॅकच्या कडेला, मार्शलच्या (झेंडे दाखवणाऱ्या कर्मचाऱ्याच्या) नजरेत, सावकाश थांबायचे. मागचा तुमच्यावर आदळू नये म्हणून आधी आरशात बघा, हात वर करा, मग थांबा. तुमच्या क्लबात नेमके काय, ते सकाळच्या बैठकीत विचारून घ्या; विचारण्यात कमीपणा नाही. पांढऱ्या झेंड्याचेही तसेच: टीव्हीवरच्या अमेरिकी शर्यतींत तो शेवटची फेरी सांगतो, हौशी शर्यतींत पुढे संथ गाडी किंवा रुग्णवाहिका आहे असे सांगतो.

संध्याकाळी ट्रॅक पायी फिरायची परवानगी मिळाली तर दीड तास काढाच. मार्शलची ठाणी कुठे आहेत ते सगळ्यात आधी बघा, कारण अंध चढावर पुढे काय झाले हे तुम्हाला फक्त तोच माणूस सांगणार. मग वळणाचा उतार आत आहे की बाहेर, कर्बची (वळणाच्या कडेच्या रंगवलेल्या उंचवट्याची) उंची किती, आणि डांबराच्या कडेला जमीन किती खोल गेली आहे, ते वाकून बघा. हे व्हिडिओत दिसत नाही.

पहिले सत्र

फेरीची वेळ दाखवणाऱ्या लॅप-टायमरवर चिकटपट्टी लावा. सरळपट्टी सोडून बाकी सगळीकडे चौथ्या गिअरमध्येच चालवा. गाडी वळणातून कुथत बाहेर निघेल, निघू दे. गिअरचे काम डोक्यातून काढले की डोळे मोकळे होतात. आणखी एक फायदा आहे: गडबडीत पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसरा पडला तर इंजिनाचे व्हॉल्व्ह वाकतात आणि शनिवार-रविवार तिथेच संपतो.

पहिल्या तीन फेऱ्यांत प्रत्येक वळणासाठी तीन खुणा ठरवा: ब्रेक कुठे, आतली कड कुठे गाठायची, बाहेर कुठे सुटायचे. खूण हलणारी नको. सावली, उभी केलेली गाडी, प्लॅस्टिकचा शंकू यांवर ब्रेक बांधला तर दुपारी तुम्ही ट्रॅकबाहेरच्या वाळूत. डांबरातला जोड, कर्बचे टोक, पाटीचा खांब चालेल. पाट्यांवरचे आकडे मीटरचे आहेत असे गृहीत धरू नका.

नजर मात्र खुणेवर खिळवू नये. घाटात जुना ड्रायव्हर दरीकडे बघत नाही, रस्ता जिथे दिसेनासा होतो तिथे बघतो. इथेही तेच: ब्रेक लावायला पाय हलला की डोळे आतल्या कडेवर, गाडी वळली की डोळे बाहेर सुटायच्या जागेवर.

मेहनत कुठे घालायची

चौदाही वळणे सारख्या महत्त्वाची नाहीत. तिसरे, अकरावे आणि चौदावे या तिघांनंतर लांब सरळपट्टी आहे. पहिला दिवस यांना द्या, बाकीची नीटनेटकी पार पडली तरी पुरे.

आकड्यांत बघू. 180 च्या वेगाने येऊन 90 ने वळायचे आहे आणि तुम्ही ब्रेक 5 मीटर उशिरा लावला, तर सगळे बिनचूक जमूनही फायदा सेकंदाचा दहावा भाग. उलट एक किलोमीटरच्या सरळपट्टीवर सरासरी 150 ऐवजी 153 ठेवता आली तर जवळजवळ अर्धा सेकंद मिळतो. वळणातून बाहेर पडताना मिळालेला जादा वेग पट्टीच्या टोकापर्यंत पूर्ण टिकत नाही. अर्धा टिकला असे धरले तरी पाव सेकंद हातात राहतो. शिवाय उशिरा ब्रेक लावून जो फसतो तो वाळूत जातो, लवकर गॅस देऊन जो फसतो त्याला बहुतेक वेळा पाय थोडा उचलून सावरता येते.

चौदाव्याचे महत्त्व मियाटाला दुप्पट, कारण पुढची सरळपट्टी चढाची आहे. चढावर कमी ताकदीची गाडी गमावलेला वेग परत मिळवू शकत नाही. इथे आत जाताना हळू व्हा, आतली कड थोडी उशिरा गाठा आणि गॅस एकदा दिला की पुन्हा सोडायला लागू नये अशा बेताने द्या.

पाचवे उताराखाली आहे. उतारावर पुढच्या चाकांवर भार जास्त येतो, मागचा भाग हलका होतो. ब्रेक सोडायच्या आधी स्टिअरिंग फिरवले की शेपूट सुटते. सहावे चढून पुलाखाली येते आणि वळणाचा शेवट दिसत नाही. तिथे गाडी हलकी होते, म्हणून चढाच्या माथ्यावर स्टिअरिंग शक्य तितके सरळ असावे. कॅरोझेल हा संयमाचा खेळ आहे. जवळपास अर्धे वर्तुळ, आणि सगळ्यांची चूक एकच: आतली कड फार लवकर गाठतात, मग शेवटी रस्ता संपतो आणि गाडी बाहेर ढकलली जाते. मध्यावरून समतोल गॅसवर चालत राहा, शेवट दिसेपर्यंत आत शिरू नका.

किंक. उजवीकडे हलके वळण, दोन्ही बाजूंना भिंत जवळ. मुरलेले मियाटा-चालक इथे गॅस फारसा सोडत नाहीत आणि ते ऐकून नवखे पहिल्याच दिवशी हिंमत करायला जातात. असे करू नका. वळणाआधी, गाडी सरळ असताना, ब्रेक हलका दाबा किंवा गॅस सोडा. मग पाय पुन्हा गॅसवर घेऊन स्थिर वेगाने आत जा. घाबरून वळणाच्या मध्यात गॅस सोडला की भार पुढे जातो, मागची चाके सुटतात आणि भिंत येते. दिवसागणिक 3-4 किलोमीटरने वेग वाढवला तरी इथे कुणी तुमच्यावर हसणार नाही.

बाहेर गेलात तर

बाहेर पडताना दोन चाके गवतात उतरली तर स्टिअरिंग सरळ ठेवा, गॅस हळूहळू सोडा, वेग उतरला की परत या. हिसडा मारून परत आणायचा प्रयत्न केला तर चाके डांबराच्या कडेत अडकतात, मग एकदम पकड घेतात आणि गाडी ट्रॅक आडवा ओलांडून समोरच्या भिंतीत जाते. गाडी पूर्ण फिरलीच, तर क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबून धरा, म्हणजे ती एका रेषेत घसरत राहील आणि मागच्यांना अंदाज येईल. मार्शलच्या खुणेशिवाय परत ट्रॅकवर येऊ नका.

पाऊस इथे अर्ध्या ट्रॅकवर पडतो. पिटसमोर कोरडे म्हणून कॅनडा कॉर्नरही कोरडे असेल असे नाही. ओल्यात रबर बसलेल्या नेहमीच्या रेषेच्या बाहेरून चालवा, रंगवलेल्या कर्बला शिवू नका.

शर्यतीची पहिली फेरी

सरावातले ब्रेकबिंदू पहिल्या फेरीत चालत नाहीत. टायर आणि पॅड थंड असतात, हे बहुतेकांच्या लक्षात असते. दुसरे कारण विसरले जाते: पुढच्या गाडीच्या मागे हवेचा अडथळा कमी होतो, त्यामुळे मोरेन स्वीपच्या टोकाला तुमचा वेग एकट्याने गाठता त्याहून जास्त असतो आणि थोपवायला हवा कमी मदत करते. तुमची खूण पुढच्या गाडीआड झाकलेली असते ती वेगळीच. म्हणून पाचव्याला 25-30 मीटर आधी ब्रेक लावा, आणि नजर पुढच्या बंपरवर न ठेवता त्याच्या काचेतून पलीकडच्या तिसऱ्या-चौथ्या गाडीच्या ब्रेक-दिव्यांवर ठेवा.