ह्यूमन ईएस सेल्स (माणसाच्या भ्रूणापासून काढलेल्या स्टेम सेल्स) लॅबमध्ये पहिल्यांदा वाढवताय? हे आधी वाचा

आमच्या संभाजीनगरात पीएचडीला नवीन लागलेली पोरं दर वर्षी एकच विचारतात, सर पेशी मरायल्यात, काय करू. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

परवानगी आधी. संस्थेच्या स्टेम सेल कमिटीची मंजुरी घ्या, आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०१७ ची स्टेम सेल गाइडलाइन नीट वाचा आणि तयार लाइनवरच, म्हणजे आधीच काढून वाढवत ठेवलेल्या पेशींच्या वाणावरच हात बसवा. १९९८ ला अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये जेम्स थॉमसन ह्या शास्त्रज्ञानी काढलेली एच९ लाइन अजून जगभर चालते, आपल्या देशातली पाहिजे तर बेंगळुरूची बीजेएनहेम२० आहे.

मॅट्रिजेल (पेशी चिकटाव्यात म्हणून प्लेटला लावायचा जेल, गरम झाला की घट्ट होतो) रात्रभर फ्रीजमध्ये, बर्फावर ठेवून वितळू द्या. टिप, ट्यूब, मीडिया (पेशींना वाढायला लागणारं पोषक द्रव) सगळं गार पाहिजे. एकदा मे महिन्यात लाइट गेली, एसी बंद, आणि माझं मॅट्रिजेल टिपमध्येच गोठलं, सगळं वाया, तेव्हापासून उन्हाळ्यात हे काम मी सकाळी ८ च्या आतच उरकतो.

मीडिया रोज बदलायचा, पोळा असो का दिवाळी. पण बाटली ३७ डिग्रीच्या वॉटर बाथमध्ये ठेवून देऊ नका, त्यातलं बेसिक एफजीएफ (पेशींना स्टेम सेल ठेवणारं प्रथिन) उष्णतेनं लवकर खराब होतं, लागेल तेवढाच बाहेर काढा आणि रूम टेंपरेचरला येऊ द्या.

आता पॅसेजिंग, म्हणजे वाढलेल्या पेशी सोडवून नव्या प्लेटमध्ये वाटून लावणं, खरी गडबड इथंच होते. कॉलन्या (पेशींचे पुंजके) एकमेकींना चिकटायच्या आत करा. ०.५ मिलिमोलर ईडीटीए (पेशींची पकड सैल करणारं रसायन) टाका आणि घड्याळापेक्षा मायक्रोस्कोपवर नजर ठेवा, चार-पाच मिनिटांत पेशींमध्ये बारीक फटी दिसायला लागतात, दिसल्या की ईडीटीए ओढून घ्या, मीडिया टाका आणि पिपेटनं दोन-तीनदाच हलकं वरखाली करा. ज्वारीच्या कण्या पाहिजेत, पीठ नाही. एकेकट्या सुटल्या की ह्या पेशी पटापट मरतात, पीठ झालंच तर पहिले २४ तास १० मायक्रोमोलर रॉक इनहिबिटर (सुट्या पेशींना मरण्यापासून वाचवणारं औषध) द्या. प्लेट इन्क्युबेटरमध्ये ठेवताना गोल फिरवू नका, सगळं मधे गोळा होतं, पुढं-मागं अन् डावी-उजवीकडं सरकवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका.

चांगली कॉलनी ओळखायची तर कड बघा. कड रेघ मारल्यासारखी स्वच्छ, आत पेशी दाटीवाटीनं, न्यूक्लियस (पेशीचं केंद्रक) मोठं आणि त्यात न्यूक्लिओलस (आतला ठिपका) ठळक. कडेच्या पेशी लांबट होऊन पसरायल्या किंवा मधे पिवळट ढीग झाला तर तेवढा भाग टिपनं खरवडून काढा, राहू दिलं तर आख्खी प्लेट बिघडते.

आणि पेशी अचानक लई जोरात वाढायला लागल्या तर खूश होऊ नका राव. १२, १७ किंवा २० नंबरच्या क्रोमोसोममध्ये गडबड झालेल्या पेशी अशाच पुढं जातात, साधारण दर १० पॅसेजला कॅरिओटाइप (क्रोमोसोमची तपासणी) करा, मायकोप्लाझ्मा (पेशींमध्ये लपून वाढणारे बॅक्टेरिया) टेस्ट महिन्याला. सुरुवातीच्या पॅसेजच्या १०-१२ व्हायल लिक्विड नायट्रोजनमध्ये ठेवा, आणि टँकमधली पातळी दर आठवड्याला स्वतः पट्टी घालून मोजा, दुसऱ्याच्या तोंडी हिशोबावर सोडू नका.