आवाजाच्या गाठींचा अहवाल कसा समजून घ्यावा

बसलेला आवाज चार आठवड्यांत सुटला नाही, तर गुळण्या करत आणखी वाट पाहू नये, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्राची तपासणी करून घ्यावी. धूम्रपान करणाऱ्यांनी तर तेवढेही थांबू नये. शक्य असल्यास स्ट्रोबोस्कोपी (लुकलुकत्या प्रकाशात कंपने संथ करून दाखवणारी तपासणी) करावी, कारण कंप पावणारा स्वरतंतू, म्हणजे आवाज निर्माण करणारी स्वरयंत्रातील घडी, कोठे अडखळतो, हे साध्या दुर्बिणीतून नीट दिसत नाही.

अहवालात नोड्यूल, पॉलिप, सिस्ट असे शब्द आले की घाबरायला होते. या गाठी कर्करोगाच्या नसतात. मात्र त्या एकमेकींपासून अगदी तुटकही नसतात. स्वरतंतूचे वरचे पातळ आवरण आणि त्याखालचा जेलीसारखा मऊ थर हे आतल्या स्नायूवर सैलसर लहरतात, ही मांडणी जपानी तज्ज्ञ मिनोरू हिरानो यांनी १९७४ मध्ये केली. बोलताना स्त्रियांचे तंतू सेकंदाला सुमारे २०० वेळा एकमेकांवर आदळतात आणि हा आघात कंपणाऱ्या भागाच्या मध्यावर सर्वाधिक बसतो. साठ मुलांच्या वर्गात दिवसभर आवाज चढवणाऱ्या शिक्षिकेच्या दोन्ही तंतूंवर नेमके तिथेच, समोरासमोर, नोड्यूल, म्हणजे घट्ट्यासारखे छोटे फुगवटे, धरतात. एखाद्या जोरदार ओरडण्याने रक्तवाहिनी फुटली, तर बहुधा एकाच बाजूला पॉलिप लोंबू लागतो. सिस्ट ही आवरणाखाली दडलेली पिशवी असते. कधी श्लेष्मग्रंथीचे तोंड बुजून ती तयार होते.

खरा घोटाळा इथून पुढे होतो. एका बाजूची सिस्ट किंवा पॉलिप समोरच्या तंतूवर सतत घासत राहिल्याने तिथेही घट्टा पडतो, आणि वरवर पाहता ही जोडी नोड्यूलसारखीच दिसते. म्हणून दोन्ही फुगवटे सारखे आहेत का आणि कंपनाची लहर एकाच बाजूला थांबते का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

घरी एक खूण पाहता येते. उंच पट्टीत, अगदी हलक्या आवाजात गुणगुणावे; स्वर उमटण्याआधी नुसताच वारा सुटत असेल, तर कडा नीट जुळत नसण्याची शक्यता असते. या खुणेवरून निदान मात्र करू नये.

नोड्यूलसाठी आधी आवाजोपचार (आवाज योग्य रीतीने वापरण्याचे प्रशिक्षण) करावेत, शस्त्रक्रियेची घाई करू नये. काही आठवड्यांच्या उपचारांनंतर पुन्हा तपासणी करून जुने आणि नवे चित्रण शेजारी ठेवून पाहावे. समोरचा घट्टा विरला आणि एकच गाठ तशीच राहिली, तर ती सिस्ट असण्याचा संशय बळावतो आणि तेव्हाच शस्त्रक्रियेविषयी बोलावे.