महिलांची जागतिक भारोत्तोलन स्पर्धा समजून कशी पाहावी

भारोत्तोलनाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा पाहायला बसताना कागद आणि पेन्सिल जवळ ठेवावी. खेळाडूने किती वजन उचलले हे पडद्यावर दिसतेच. परंतु तिने तेवढेच वजन का मागितले, आणि ते याच घडीला का मागितले, हे उमगण्यासाठी आकडे स्वतः मांडून पाहावे लागतात. या खेळाची खरी गोडी त्या मांडणीतच आहे.

प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे सहा घरे आखावीत, तीन स्नॅचची आणि तीन क्लीन अँड जर्कची. स्नॅचमध्ये बार एकाच ओढीत जमिनीवरून डोक्यावर जातो. क्लीन अँड जर्कमध्ये तो आधी खांद्यांवर घेतला जातो आणि मग झटक्याने वर नेला जातो. दोन्ही प्रकारांतील सर्वोत्तम यशस्वी प्रयत्नांची बेरीज म्हणजे टोटल. जागतिक स्पर्धेत दोन्ही प्रकारांची आणि टोटलची वेगवेगळी पदके दिली जातात, ऑलिंपिकमध्ये मात्र फक्त टोटलचे. स्नॅचचे तिन्ही प्रयत्न फसले तर टोटल उरतच नाही, म्हणून तिसऱ्या घराकडे विशेष लक्ष द्यावे. एप्रिल २०२१ मध्ये ताश्कंदच्या आशियाई स्पर्धेत मीराबाई चानू ८५ किलोवर दोनदा अपयशी ठरली. तिसऱ्या वेळी तिने ८६ किलो मागितले आणि उचलले. पुढे त्याच दिवशी क्लीन अँड जर्कमध्ये ११९ किलोचा विश्वविक्रम केला. दोनदा फसल्यानंतर वजन वाढवून मागायला जे काळीज लागते, ते कागदावरच्या त्या तीन घरांत दिसते.

बारवरचे वजन रंगांवरून वाचायला शिकावे. महिलांचा बार १५ किलोचा आणि २५ मिलिमीटर जाडीचा असतो. पुरुषांचा २० किलोचा आणि २८ मिलिमीटरचा. मोठ्या प्लेटांमध्ये लाल २५, निळी २०, पिवळी १५ आणि हिरवी १० किलोची असते, आणि दोन्ही टोकांना प्लेटा घट्ट धरणाऱ्या कॉलर प्रत्येकी अडीच किलोच्या. म्हणजे प्रत्येक बाजूला एक लाल, एक निळी आणि अडीच किलोची छोटी लाल प्लेट दिसली, की कॉलर धरून बारवर ११५ किलो आहेत.

मंचावर येण्याचा क्रम मागितलेल्या वजनावर ठरतो. कमी वजन मागणारी आधी येते आणि बारवरचे वजन एकदा वाढले की त्या प्रकारात खाली येत नाही. पुकारा झाल्यावर खेळाडूला एक मिनिट मिळते. लागोपाठ तीच आली तर दोन मिनिटे. प्रत्येक प्रयत्नासाठी मागणी दोनदा बदलता येते आणि प्रशिक्षक याचा पुरेपूर उपयोग करतात. आपल्या खेळाडूसाठी मागितलेले वजन किलोभर वाढवले, की तिला थोडी विश्रांती मिळते आणि प्रतिस्पर्धी ठरल्यापेक्षा लवकर मंचावर ओढली जाते. त्यामुळे फलकावरचा आकडा बदलताच तो कोणासाठी बदलला हे टिपून ठेवावे.

निर्णय तीन पंचांचा, बहुमताने. वजन डोक्यावर स्थिरावताना कोपर वाकून पुन्हा ताणले गेले, किंवा पंचांच्या इशाऱ्याआधी बार खाली सोडला, तर प्रयत्न बाद होतो. नव्या प्रेक्षकाने बारकडे कमी आणि कोपरांकडे अधिक पाहावे. पुष्कळदा लाल दिवा का लागला याचे उत्तर तिथेच असते.

टोटल समान झाल्यास ती आधी गाठणारी खेळाडू वर राहते. पूर्वी शरीराचे वजन कमी असलेली जिंके: २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ६९ किलो गटात लिन वेइनिंग आणि एर्झेबेत मार्कुश या दोघींची टोटल २४२.५ किलो होती, सुवर्ण वजनाने हलक्या लिनला मिळाले आणि २४० किलोवर करनम मल्लेश्वरीला कांस्य. आता मागून येणारीला बरोबरी पुरत नाही, एक किलो जास्तच लागतो. म्हणून क्लीन अँड जर्क सुरू होताच प्रत्येक नावापुढे, पुढचीला मागे टाकायला किती किलो हवेत, तो आकडा लिहावा.

हा एक किलो काय करतो ते मीराबाईच्या दोन स्पर्धांत दिसते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४९ किलो गटात तिने ८८ आणि १११ मिळून १९९ किलो उचलले; कांस्यपदक २०० किलोवर गेले. शेवटच्या प्रयत्नातील ११४ किलो निसटले आणि ती चौथी राहिली. २०२५ मध्ये नॉर्वेतील फोर्डे येथील जागतिक स्पर्धेत, ४८ किलो गटात, ती स्नॅचमध्ये ८४ वरच अडकली, तर थायलंडची प्रतिस्पर्धी ८८ वर पोहोचली. चार किलोंची ही पिछाडी क्लीन अँड जर्कमध्ये भरून काढायची होती. थायलंडच्या खेळाडूचा आकडा ११० वर थांबला, तिची टोटल १९८ झाली. मीराबाईने १०९, ११२ आणि शेवटी ११५ किलो उचलून पुन्हा १९९ गाठले, आणि या वेळी ते रौप्यपदकाला पुरले.