ऑटिझम असलेल्या मुलांना वस्तूंचे गट करायला कसं शिकवायचं

टेम्पल ग्रँडिन स्वतः ऑटिस्टिक आहेत आणि पशुविज्ञानाच्या प्राध्यापक आहेत. लहानपणी त्या कुत्रा-मांजर आकारावरून ओळखायच्या, मोठं ते कुत्रं आणि छोटं ते मांजर. मग शेजाऱ्यांनी बुटका डॅशहंड कुत्रा आणला आणि नियम मोडला, तेव्हा त्यांनी नाकाकडे बघायला सुरुवात केली. आपल्या मुलाच्या बाबतीतही हेच लक्षात ठेवा, तो चुकीच्या डब्यात वस्तू टाकतो तेव्हा बऱ्याचदा त्याचा काहीतरी नियम असतोच, फक्त तो आपल्याला माहीत नसतो.

सुरुवात जोड्या लावण्यापासून करा, आणि चित्रकार्डं नकोत, खऱ्या वस्तू घ्या. आधी दोन अगदी सारखे चमचे. मग स्टीलचा, लाकडी, प्लास्टिकचा असे वेगवेगळे चमचे एकत्र ठेवायचे. ही पायरी घाईत उरकू नका प्लीज, कारण "दिसायला वेगळं तरी चमचाच" हे कळणं म्हणजेच अर्धं काम.

मग दोन डबे घ्या, एकात नमुन्याला पायमोजा ठेवा, दुसऱ्यात चमचा. गट एकमेकांपासून लांबचे हवेत, कप आणि ग्लास असलं सुरुवातीला नको. आणि सगळे मोजे निळे ठेवलेत तर मूल रंगावरून टाकेल आणि आपल्याला वाटेल जमलं! म्हणून लाल मोजा आणि लाल चमचा दोन्ही द्या, काय करतो ते शांतपणे बघा.

अडला तर चुकायच्या आधीच बोटाने योग्य डबा दाखवा, मग पुढच्या वेळी नुसत्या नजरेने, मग काहीच नाही. त्याला आवडत नसेल तर हात धरून करून घेऊ नका. जमलं की लगेच शाबासकी किंवा त्याची आवडती गोष्ट. पाच मिनिटं पुरे, कंटाळायच्या आत थांबा.

बोलत नसेल तरी हे सगळं शिकवता येतं, डब्यावर चित्र चिकटवा. गाड्यांची रांग लावायची आवड असेल तर तिथूनच सुरू करा, ट्रक इकडे, बस तिकडे.

हे नीट बसलं की गटाचं नाव, "हे सगळे कपडे", आणि मग उपयोग, "कशाने खातो आपण?".

सगळ्यात अवघड म्हणजे त्याच वस्तू पुन्हा वेगळ्या पद्धतीने लावणं, आधी प्रकारावरून आणि मग रंगावरून. बरीच मुलं इथे चिडतात, कारण त्यांच्या दृष्टीने काम झालेलं असतं आणि आपण ते विस्कटतो. म्हणून आधी सांगा, डबे बदला, त्यावर रंगीत कागद लावा, म्हणजे "हा नवा खेळ" हे डोळ्यांना दिसेल.

टेबलावर जमलं की ते तिथेच ठेवू नका. वाळलेल्या कपड्यांतून मोजे वेगळे काढायला द्या, धुतलेले चमचे खणात लावायला द्या, दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या माणसासोबत आणि त्याने कधी न पाहिलेला चमचा हातात देऊन.