रस्ता आधी, गणवेश नंतर: जुन्या युरोपीय फोटोंचा काळ कसा ओळखावा

बर्लिनला लेकीकडे गेलो की माझा रविवार माउअरपार्कच्या जुन्या बाजारात जातो. तिथे बुटांच्या खोक्यांत फोटो दाटीवाटीनं उभे लावलेले असतात. मिशा पिळून बसलेला कुणाचा तरी आजोबा, ट्रामच्या थांब्यावर छत्री धरून उभी बाई, नव्याकोऱ्या गणवेशात अवघडलेला पोरगा. एक-दोन युरोत एक मिळतो. मागे बहुतेक वेळा काही लिहिलेलं नसतं आणि लिहिलेलं असलं तरी ते जुनं जर्मन वळण आजच्या जर्मनांनाही धड लागत नाही. “बाबा, आपल्या घरातल्यांचे फोटो लावायला वेळ नाही तुम्हाला,” असं लेक दरवेळी म्हणते. तिचं बरोबर आहे. पण एकदा नाद लागला की लागला.

सुरुवातीला मी सरळ सैनिकाच्या छातीवरच्या पदकांवर भिंग धरायचो. फिकट, जवळजवळ पांढऱ्या ओव्हरकोटातला एक फ्रेंच शिपाई होता. मी वहीत ऐटीत लिहिलं, ‘उन्हाळी गणवेश, बहुधा आफ्रिका.’ तो कोट निळा होता हे कळायला मला वर्ष लागलं. त्या शिपायाकडे शेवटी येतो.

आधी वहीत प्रत्येक फोटोसाठी दोन ओळी आखा: ‘याच्या आधीचा नाही’ आणि ‘याच्या नंतरचा नाही’. नेमकं साल शोधायला जाऊ नका. या दोन ओळी जितक्या जवळ आणता येतील तितक्या आणायच्या, एवढंच काम.

पहिली पायरी: फोटो उलटा करा

फोटो कडेला धरून उचला आणि पाठ आधी बघा. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला साधारण साडेसहा बाय दहा सेंटीमीटरचा फोटो म्हणजे ‘कार्त द व्हिझित’. पॅरिसच्या दिस्देरीनं १८५४ मध्ये याचं पेटंट घेतलं आणि १८६० च्या दशकात घरोघरी त्यांचे अल्बम झाले. त्याच घाटाचा पण मोठा, साधारण अकरा बाय साडेसोळाचा, तो कॅबिनेट कार्ड. तो १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून दिसतो. पाठीवर स्टुडिओनं आपल्याला मिळालेली प्रदर्शनातली पदकं सालासकट छापलेली असतील तर काम सोपं झालं. त्यातलं सगळ्यात अलीकडचं साल पहिल्या ओळीत टाका.

पोस्टकार्ड असेल तर पाठीवर मधोमध उभी रेघ आहे का बघा. डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता अशी मांडणी ब्रिटनमध्ये १९०२ ला आली, जर्मनीत १९०५ ला. त्याआधी ती बाजू फक्त पत्त्याची होती.

दुसरी पायरी: फोटो आरशातला तर नाही ना?

डगेरोटाइप (चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरचे अगदी सुरुवातीचे फोटो) आणि लोखंडी पत्र्यावरचे फोटो उलटे दिसतात, डावं उजवीकडे. खऱ्यात पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजव्या बाजूवर येते, तलवार डाव्या कमरेला, पदकं डाव्या छातीवर. हे सगळं उलट दिसलं तर फोटो संगणकावर पलटवून मगच पुढे जा. आणि ‘डावा हात’ म्हणजे त्या माणसाचा डावा, आपला नव्हे. यात मी अजूनही गोंधळतो.

तिसरी पायरी: माणसामागचा रस्ता

इथे वेळ घालवा. गणवेश कुणी जुना घालतो, कुणी दुसऱ्याचा घालून फोटो काढतो. १९१४ मध्ये वयस्क राखीव जर्मन शिपायांना कोठारातले जुने निळे कोटही मिळाले होते. कोटावरून ‘याच्या आधीचा नाही’ हे बरं कळतं, पण तो किती वर्षं वापरला ते कळत नाही. रस्त्यावर इमारती उभ्या राहतात तशा पडतातही, आणि त्यांच्या तारखा नोंदलेल्या असतात.

माझं आवडतं उदाहरण प्रागच्या जुन्या चौकाचं. तिथे १६५० पासून येशूच्या आईचा, मेरीचा, एक उंच स्तंभ होता. १९१५ च्या जुलैत त्याच चौकात चेक धर्मसुधारक यान हुस यांचं भलंमोठं स्मारक उभं राहिलं. ऑस्ट्रियाची सत्ता कोसळल्यावर ३ नोव्हेंबर १९१८ ला जमावानं दोर लावून स्तंभ पाडला. म्हणजे स्तंभ आणि स्मारक दोन्ही एका फोटोत दिसले तर काळ जुलै १९१५ ते नोव्हेंबर १९१८. सैनिकाचं बटणसुद्धा न बघता सव्वातीन वर्षांत आलो. (स्तंभाची प्रतिकृती २०२० मध्ये पुन्हा उभारली आहे, पण त्या फोटोत कुणाच्या तरी हातात मोबाईल असेलच.)

व्हेनिसच्या सान मार्को चौकातला घंटाघराचा मनोरा १४ जुलै १९०२ ला आपोआप ढासळला आणि नवा १९१२ मध्ये खुला झाला. मनोऱ्याविना चौक दिसला की मधली दहा वर्षं. बर्लिनचा विजयस्तंभ राइशस्टागच्या, म्हणजे संसदभवनाच्या समोर दिसला तर फोटो नाझींनी १९३८-३९ मध्ये तो हलवण्याआधीचा.

मग पाट्या वाचा. आज फ्रान्समध्ये असलेल्या स्ट्रासबुर्गमध्ये १८७१ ते १९१८ जर्मन राज्य होतं, त्यामुळे तिथल्या पाट्या जर्मनमध्ये. तेव्हा रशियाच्या ताब्यात असलेल्या वॉर्साच्या रस्त्यावर रशियन लिपीतल्या पाट्या दिसल्या तर बहुधा १९१५ च्या आधीचं, कारण त्या वर्षी जर्मनांनी शहर घेतलं. त्यानंतर ट्राम: घोडे जुंपलेत की वर तारा आहेत? बहुतेक मोठ्या शहरांत हा बदल १८९० ते १९१० च्या दरम्यान झाला.

रस्ता ओस दिसला म्हणून ‘सुट्टीचा दिवस’ असं लिहू नका. डगेरोटाइपचा जनक दागेर यानं १८३८ मध्ये पॅरिसच्या बुलव्हार द्यू तांप्लचा फोटो घेतला तेव्हा रस्त्यावर वर्दळ होती, पण कॅमेरा काही मिनिटं उघडा ठेवावा लागे. चालणारी माणसं, गाड्या उमटल्याच नाहीत. उमटला तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी थांबलेला माणूस.

चौथी पायरी: गणवेश, वरून खाली

डोक्यापासून सुरुवात करा. टोकदार जर्मन हेल्मेट प्रशियात १८४२ मध्ये आलं. युद्धात त्यावर कापडी खोळ चढवत आणि खोळीवर रेजिमेंटचा आकडा असे. आकड्यावर ‘आर’ असेल तर राखीव दल. १९१६ पासून पोलादी हेल्मेट. फ्रेंचांचं कण्याचं आद्रियां हेल्मेट १९१५ चं. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या टोपीवरच्या बिल्ल्यात सम्राट फ्रान्झ योझेफची अक्षरं असतात. नोव्हेंबर १९१६ मध्ये तो वारला, मग नव्या सम्राटाचा, कार्लचा ‘के’ आला. जर्मन लष्करी कोटाच्या उजव्या छातीवर स्वस्तिक धरलेला गरुड असेल तर १९३४ किंवा नंतरचं. असे फोटो बाजारात स्वस्तिकावर कागदी टिकली चिकटवून विकतात, कारण ते चिन्ह तसं मिरवायला जर्मनीत कायद्यानं मनाई आहे. टिकली नखानं खरवडू नका, फोटोचा थर निघतो.

ब्रिटिश शिपाई असेल तर खाकी. हा शब्द आपल्याकडूनच तिकडे गेला: खाक म्हणजे धूळ, आणि पेशावरच्या गाइड्स पलटणीनं १८४० च्या दशकात तो रंग अंगावर घेतला. ब्रिटनमध्ये रोजचा गणवेश म्हणून तो १९०२ मध्ये स्थिरावला.

सातारा-रत्नागिरीकडच्या घरांतल्या ट्रंकेतही युरोपातले फोटो निघू शकतात. मराठा पलटणी दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढल्या. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आजोबांच्या फोटोत दंडाच्या वर गरुड दिसला तर चौथी इंडियन डिव्हिजन. पाठीवर इटालियन स्टुडिओचा शिक्का आहे का तेही बघा.

पाचवी पायरी: रंगांवर विश्वास ठेवू नका

जुन्या कॅमेऱ्यातल्या, फोटो उमटवायच्या काचा निळ्या प्रकाशाला जास्त आणि लाल प्रकाशाला फारच कमी दाद देत. म्हणून लाल गोष्ट काळपट उमटते, निळी फिकट. १९१४ च्या फ्रेंच शिपायाची लालभडक विजार फोटोत गडद दिसते, तर १९१५ मध्ये आलेला क्षितिज-निळा कोट धुतल्यासारखा पांढुरका. हल्ली मोबाईलवर कृष्णधवल फोटो रंगवून मिळतो. तो रंग पुरावा म्हणून धरू नका.

आता माझा तो शिपाई. पांढुरका कोट म्हणजे क्षितिज-निळा, तेव्हा १९१५ च्या आधीचा नाही. कॉलरवर २०० च्या वरचा आकडा, म्हणजे राखीव रेजिमेंट. मूळ रेजिमेंटच्या आकड्यात २०० मिळवून फ्रेंचांनी राखीव दलांना क्रमांक दिले. उजव्या दंडावर एक फीत, एकदा जखमी. डाव्या दंडावर तीन. या फिती १९१६ पासून लावत: पहिली आघाडीवरच्या एका वर्षाची, पुढची प्रत्येक सहा महिन्यांची. तीन फिती म्हणजे दोन वर्षं. युद्ध ऑगस्ट १९१४ ला सुरू झालं, तेव्हा हा फोटो ऑगस्ट १९१६ च्या आधीचा असूच शकत नाही. रेजिमेंटच्या आकड्यावरून पुढे शोधायचं असेल तर फ्रेंच संरक्षण खात्याच्या ‘मेमवार देझ ऑम’ या संकेतस्थळावर पलटणींच्या रोजनिश्या स्कॅन करून ठेवल्या आहेत.

मिळालेली माहिती मऊ पेन्सिलनं वेगळ्या कागदावर लिहा, फोटोच्या पाठीवर बॉलपेन कधीच नको. पाठपोट दोन्ही बाजू ६०० डीपीआयला स्कॅन करून ठेवा.

त्या शिपायाची वहीतली पहिली ओळ आता ‘ऑगस्ट १९१६’ अशी आहे. दुसरी मोकळी आहे. क्षितिज-निळे कोट युद्धानंतरही वर्षानुवर्षं चालत होते, आणि त्याच्या मागे रस्ता नाही; स्टुडिओतला रंगवलेला पडदा आहे, त्यावर एक कमान आणि दोन ढग.