थंडीत पहिल्या सेल्फला गाडी किंचाळते? बेल्ट बदलण्याआधी या चुका टाळा

डिसेंबर लागला, जळगाव-भुसावळकडे भरिताच्या पार्ट्या सुरू झाल्या, की आमच्या गल्लीत सकाळी साडेसहाचा एक आवाज ठरलेला. कुणीतरी सेल्फ मारतो, गाडी सुरू होते आणि लगेच 'कुईंऽऽऽ' अशी लांबलचक किंकाळी. दहा-पंधरा सेकंद. मग सगळं चिडीचूप. दुपारी तीच गाडी गॅरेजवर नेली तर तोंडातून ब्र काढत नाही.

चार वर्षांपूर्वी गल्लीला जागं करणारा तो माणूस मीच होतो. एका हिवाळ्यात दोन बेल्ट बदलून झाले, आवाज होता तिथंच. शेवटी धुळ्यातल्या एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियननं बॅटरीला मीटर लावला, आकडा बघितला आणि हसत म्हणाला, "भाऊ, बेल्ट नही, तुमनी बॅटरी वरडी ऱ्हायनी."

तेव्हापासून हा आवाज ऐकला की मी आधी एकच विचारतो: बेल्ट ओरडतोय खरा, पण त्याला ओरडायला कोण लावतंय?

आधी भानगड समजून घ्या

इंजिनच्या पुढच्या बाजूला क्रँकची, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याची, पुली असते. तिच्यावरून आतल्या बाजूला उभ्या खाचा असलेला एक लांब पट्टा अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, काही गाड्यांत पाण्याचा पंप आणि जुन्या गाड्यांत स्टिअरिंगचा पंप फिरवतो. आपल्याकडे अजूनही सगळे त्याला फॅन बेल्टच म्हणतात, आणि अल्टरनेटरला डायनामो. रेडिएटरचा पंखा बऱ्याच गाड्यांत कधीचाच विजेवर गेलाय, पण नाव काही सुटलं नाही.

सकाळी सेल्फ मारला की बॅटरीतून प्रचंड करंट खेचला जातो, डिझेल गाडीत तर जास्तच. इंजिन सुरू झाल्याबरोबर अल्टरनेटर ती तूट भरून काढायला लागतो. जितकी जास्त वीज तो बनवेल तितकी त्याची पुली फिरवायला जड. त्यात थंडीनं रबर कडक झालेलं आणि पुलीवर दंव. बेल्टची पकड सुटते, तो पुलीवरून घसरतो आणि किंचाळतो. थोड्या वेळात दंव उडतं, बेल्ट गरम होतो, बॅटरीची भूक जरा शमते आणि आवाज थांबतो.

खानदेशात यात एक गंमत आहे. बेल्टची खरी वाट लागते ती मे महिन्यात. बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर गेला की बॉनेटखाली काय होत असेल, विचार करा. त्या उष्णतेनं रबर कडक होतं आणि बॅटरीही आतून खंगते. म्हणजे मार खायचा वैशाखात आणि रडायचं मार्गशीर्षात. म्हणून 'उन्हाळाभर तर गाडी मस्त चालली' या पुराव्याला काही अर्थ नाही.

गाडी दुपारी दाखवायला नेणं

ही पहिली चूक. इंजिन गरम असताना मिस्त्रीला आवाज ऐकूच येत नाही, मग तो अंदाजानं पार्ट बदलतो आणि त्या अंदाजाचे पैसे आपण देतो. गाडी रात्रभर गॅरेजवरच सोडा आणि सकाळचा पहिला सेल्फ त्यालाच मारू द्या. ते जमत नसेल तर सकाळी बॉनेट उघडून, घरच्या कुणाला तरी सेल्फ मारायला बसवून मोबाईलवर व्हिडिओ काढा. आवाज किती सेकंद टिकला, एसी बंद होता का, स्टिअरिंग फिरवल्यावर वाढला का, हे सगळं व्हिडिओतच बोलून ठेवा.

आणि एक. थंडी म्हणून गळ्यात मफलर किंवा गमछा असतो, तो आधी काढून ठेवा. फिरत्या बेल्टजवळ लोंबणारं काहीही नको. इलेक्ट्रिक पंखा काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही अचानक फिरतो, त्यामुळे तिथं हात घालू नका.

साबण, पावडर, मेणबत्ती, ग्रीस

हायवेच्या ढाब्यावर गाडी उभी केली की कुणीतरी हा सल्ला देणारच. बेल्टला आंघोळीचा साबण घासा, टाल्कम पावडर मारा, मेणबत्ती लावा. आवाज थांबतो हे खरं, म्हणून तर हा सल्ला मरत नाही. पण बेल्ट घसरतोय म्हणून ओरडतोय आणि आपण त्याला आणखी गुळगुळीत करतोय! दोन दिवसांनी तो पुन्हा ओरडतो, आता पुलीच्या खाचांतही साबणाचा थर बसलेला असतो. ग्रीस, ऑइल, डिझेल तर रबराचे वैरीच. बाजारात मिळणारे बेल्टचे चिकट स्प्रेही या खाचांच्या बेल्टला नकोत. त्यावर आपल्याकडची काळ्या मातीची धूळ आणि कापसाचा बारीक तूस चिकटला की पुलीत लगदा तयार होतो.

स्प्रे मारायचाच असेल तर साध्या पाण्याचा मारा, तोही फक्त तपासणीसाठी. झाडांवर पाणी मारायची बाटली घ्या. इंजिन चालू, आवाज सुरू. लांबूनच बेल्टच्या खाचांच्या बाजूवर बारीक फवारा सोडा. आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय: ताण कमी आहे, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर थकलाय किंवा बेल्ट संपलाय. आवाज क्षणभर गेला आणि परत आला, तर एखादी पुली दुसरीच्या सरळ रेषेत नाही. अशा वेळी आवाजही किंकाळीसारखा लांब नसतो, चिमणीसारखा 'चिक चिक चिक' ठेक्यात येतो. पाण्यानं काहीच फरक पडला नाही तर संशय बेअरिंगवर. ही तपासणी फुकटात होते आणि निम्मा घोळ तिथंच मिटतो.

बॅटरीकडे न बघणं

माझी चूक हीच. बॅटरी चार वर्षांची होती, पण सेल्फ घेत होती म्हणून मी तिच्याकडे पाहिलंच नाही. व्होल्ट मोजणारा साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी, सेल्फच्या आधी, 12.6 व्होल्टच्या आसपास हवी. 12.2 दिसले तर ती जेमतेम अर्धी भरलेली आहे. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5 दिसायला हवेत; नव्या काही गाड्यांत कॉम्प्युटर चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथं या आकड्यांवरून भांडू नका. माझ्या गाडीचा सकाळचा आकडा होता 12.1. अशी अर्धपोटी बॅटरी रोज सकाळी अल्टरनेटरला पिळून काढत होती आणि नवा बेल्ट महिनाभरात काचेसारखा चकचकीत होत होता.

टर्मिनलवर पांढरट-हिरवट भुकटी जमली असेल तर आधी ती गरम पाणी आणि खायच्या सोड्यानं साफ करा. मग एक प्रयोग: दिवे, ब्लोअर, टेप सगळं बंद ठेवून गाडी सुरू करा. आवाज थांबल्यावर हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर आणि ब्लोअर एकदम चालू करा. किंकाळी परत आली तर बेल्टला अल्टरनेटरचा भार झेपत नाहीये. एसी चालू केल्यावरच आली तर कॉम्प्रेसरकडे बघा. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आली आणि गाडी ऑइलच्या पॉवर स्टिअरिंगची असेल तर त्या पंपाकडे. इलेक्ट्रिक स्टिअरिंगला पंप नसतो, पण तेही वीज खातं, म्हणून तिथं पुन्हा बोट अल्टरनेटरकडेच जातं.

नुसता बेल्ट बदलून मोकळं होणं

जुन्या बेल्टला भेगा दिसायच्या. आताच्या बेल्टचं रबर वेगळं असतं. त्याला भेग न पडता तो आतून झिजतो, खाचा रुंद होतात आणि तो पुलीत खोल बसायला लागतो. वरून नवाकोरा, आतून बाद. म्हणून 'भेगा नाहीत, चालू द्या' हे आता चालत नाही. बेल्ट उलटा करून बघा. ऑइलचा किंवा कूलंटचा डाग असेल तर आधी गळती शोधा, नाहीतर नवा बेल्टही आठवड्यात तसाच होईल.

दुकानात बेल्ट घेताना पाठीवरचा नंबर वाचा. उदाहरणार्थ 6पीके1190 म्हणजे सहा उभ्या धारांचा आणि लांबी 1190 मिलिमीटर. 'हा थोडा मोठा आहे, बसून जाईल' असं काउंटरवरून ऐकलं की परत फिरा. तेवढ्याच फरकानं ताण जातो.

उलटी चूकही तितकीच वाईट. आवाज गेलाच पाहिजे म्हणून बेल्ट तारेसारखा ताणायचा. माझ्या पहिल्या बेल्टच्या वेळी हेच झालं. आवाज तीन आठवडे गेला, मग अल्टरनेटरचं बेअरिंग घरघरायला लागलं. हातानं ताण द्यायचा बेल्ट असेल तर दोन पुलींमधल्या लांब भागावर अंगठ्यानं जोरात दाबून साधारण सेंटीमीटरभर खाली जायला हवा. नेमकं माप गाडीच्या पुस्तकात असतं. आपोआप ताण देणारा टेन्शनर असेल तर इंजिन चालू असताना त्याचा दांडा बघा. तो नाचत असेल तर नुसत्या बेल्टनं काम भागणार नाही.

बेल्ट उतरवला आहेच तर मिस्त्रीला दोन मिनिटं थांबवा आणि प्रत्येक पुली हातानं फिरवून बघा. खरखर, डुगडुग, अडकणं, हे हाताला लगेच कळतं. बेल्टशिवाय इंजिन अर्धा मिनिट चालवून आवाज गेला का तेही पाहता येतं, त्याहून जास्त वेळ मात्र नको.

'टायमिंग बेल्ट ओरडतोय, पूर्ण किट टाकावं लागेल' असं कुणी म्हणालं तर घाई करू नका. टायमिंग बेल्ट हा इंजिनच्या झडपांची वेळ सांभाळणारा वेगळाच बेल्ट. त्याला दाते असतात, तो असा घसरून किंचाळत नाही. त्याच्या टेन्शनरचं बेअरिंग आवाज करू शकतं, पण ते सिद्ध करून दाखवायला सांगा. आणि तुमच्या गाडीत बेल्ट आहे की चेन, हे आधी विचारा.

भलताच आवाज

क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर तो बहुधा क्लचच्या बेअरिंगचा. गाडी हलल्यावर पहिल्या दोन-तीन ब्रेकलाच कर्रर्र झालं, तर रात्रीच्या दंवानं डिस्कवर गंज धरलाय, तो आपोआप निघून जातो.

चालता चालता बॅटरीचा लाल दिवा लागला, तापमानाचा काटा चढला किंवा स्टिअरिंग अचानक जड झालं, तर मात्र गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. बेल्ट तुटलेला असू शकतो, आणि पाण्याचा पंप त्याच्यावर असेल तर 'पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ' म्हणेपर्यंत इंजिन तापून हेड गॅस्केटचा (इंजिनच्या हेडखालच्या सीलचा) खर्च उभा राहतो.

बॅटरी बदलल्यापासून माझ्या गाडीत तोच दुसरा बेल्ट आहे, चकाकी आल्यामुळे तो बदलायचा विचार आहेच. गेल्या दत्तजयंतीला सारंगखेड्याला तापीकाठी गाडी रात्रभर उघड्यावर होती. सकाळी काच पुसायला निम्मा रुमाल भिजला. सेल्फ मारला, एक सेकंद 'कुईं' झालं आणि थांबलं. शेजारच्या गाडीतला माणूस खिडकीतून म्हणाला, "बेल्ट बदला साहेब." मी मीटर काढला. चालू इंजिनवर 14.2. एवढ्या दंवात एक सेकंद माफ.