पहिला पॅच पाठवायच्या आधी जरा थांब की

कॉलेजातली पोरं विचारतात, ओपन सोर्समधे, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असतो त्या सॉफ्टवेअरच्या कामात, शिरायला कुठला कोर्स करू? कोर्स वगैरे काय नको. बेळगावात वाढलायस ना, मग अर्धं तुला येतंयच. खडेबाजारात दुकानात शिरलं की आपण आधी कान देतो, गल्ल्यावरचा माणूस कन्नडात बोलतोय का मराठीत, आणि मग तोंड उघडतो. पॅच, म्हणजे कोडातला आपला बदल, पाठवायच्या आधी पण तेच, फक्त कान द्यायचा वेळ दहा सेकंद नाही, दोन आठवडे धर.

त्या दोन आठवड्यात प्रोजेक्टमधली काँट्रिब्युटिंग नावाची, बदल कसे पाठवायचे ते सांगणारी फाईल वाच, पण तेवढ्यावर विसंबू नको, बऱ्याच ठिकाणी ती जुनी झालेली असते. खरे नियम मर्ज झालेल्या, म्हणजे मूळ कोडात घेतलेल्या, शेवटच्या वीसेक पुल रिक्वेस्टमधे (माझा बदल घ्या अशी विनंती) दिसतात, आणि त्याहून जास्त मर्ज न होता बंद झालेल्यात. कमिटचं, म्हणजे नोंदवलेल्या बदलाचं, टायटल कसं लिहितात, टेस्ट मागतात का, कोण कशावर अडून बसतं, सगळं तिथं कळतंय.

आता माझीच फजिती सांगतो. एका ॲपच्या मराठी भाषांतरात "दुसऱ्या"चं "दुसर्या" झालेलं, म्हणजे साधा र टाकल्यामुळं य वर रफार चढलेला, तिथं युनिकोडातला ०९३१ नंबरचा ऱ पाहिजे. तीन ओळींचं काम. पण माझ्या एडिटरनं सेव्ह करताना अख्खी फाईल फॉरमॅट केली, टॅबच्या जागी स्पेस, आणि तीन ओळींचा बदल हजारावर गेला, मी न बघता पाठवला. नऊ दिवसांनी प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याचं एका ओळीत उत्तर: एका पुल रिक्वेस्टमधे एकच बदल. मला राग आला, मी फुकट काम करतोय आणि ह्याचा तोरा बघा. नंतर डोक्यात शिरलं की तो पण फुकटच करतोय, ऑफिस सुटल्यावर, आणि हजार ओळीत माझ्या तीन त्यानं कुठं शोधायच्या? तेव्हापासून फॉरमॅट ऑन सेव्ह बंद, आणि पुश करायच्या (वर पाठवायच्या) आधी गिट ह्या बदलांचा हिशेब ठेवणाऱ्या टूलच्या डिफला स्टॅट लावून ओळी मोजायच्या. गिट ॲडला डॅश पी लावलं तर एकेक तुकडा बघून घेता येतो, ही सवय लाव.

"रिस्पेक्टेड सर, प्लीज असाइन मी", म्हणजे हे काम माझ्या नावावर करा, हे लिहू नको. आपल्याकडं सर म्हटल्याशिवाय पान हलत नाही ते ठीक, पण तिथं सरळ नावानं बोलतात आणि बऱ्याच प्रोजेक्टात कुणी असाइन करतच नाही, आधी कुणी करतंय का बघायचं, नसेल तर करून पाठवायचं. रिव्ह्यूत "निट" लिहिलं म्हणजे किरकोळ सुचवणी, मनाला लावून घ्यायचं नाही.

उत्तर नाही आलं तर रोज पिंग नको. लिनक्स कर्नलवाले (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा लिहिणारे) लिहूनच ठेवतात, निदान एक आठवडा थांबा. तिथं प्रत्येक पॅचवर साइन्ड-ऑफ-बाय लागतं, म्हणजे हा कोड द्यायचा हक्क मला आहे अशी सही, ही पद्धत २००४ ची. गिट कमिटला डॅश एस लावलं की झालं, नाव मात्र आपलं स्वतःचं. एआयकडून लिहून घेतलेला कोड काही ठिकाणी चालतो, जेंटू ह्या लिनक्सच्या एका प्रकारानं एप्रिल २०२४ मधे बंदच केला, म्हणून आधी बघ.

कमिटचा हक्क, म्हणजे मूळ कोडात थेट बदल करायची मुभा, तर मागूच नको. एक्सझेड ह्या फाईल दाबून लहान करणाऱ्या टूलचं प्रकरण बघ, एक जण २०२१ पासून पॅच देत देत मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारा) झाला आणि मार्च २०२४ मधे त्याच्याच रिलीजमधे बॅकडोर, म्हणजे चोरवाट, सापडलं, ते पण एका इंजिनिअरला एसएसएच (दूरच्या मशीनवर शिरायची सोय) लॉगिन अर्धा सेकंद हळू वाटलं म्हणून. त्यानंतर गोड बोलणाऱ्या नवख्याकडं लोक जरा तिरकंच बघतात, त्यात तुझा काय दोष नाही.

हां, खानापूर साइडला असशील तर पावसाळ्यात लाइट गेली की नेट गेलं, मोठा प्रोजेक्ट क्लोन करताना (गिटनं आपल्याकडं उतरवताना) डेप्थ १ लाव, जुनी हिस्ट्री दिसणार नाही पण डाउनलोड तरी पुरं होईल.

आणि आपला पॅच रांगेत पडलाय तोवर दुसऱ्या कुणाचा तरी उतरवून आपल्या मशीनवर चालवून बघ, चाललं का नाही, कुठल्या व्हर्जनवर, ते खाली लिही. माझ्या त्या तीन ओळी मर्ज व्हायच्या आधी मी असे चार पॅच तपासले, त्यातल्या एकात मराठी आकडेच दिसत नव्हते.